उंचवटा सापडेपर्यंत

नर्स म्हणून नोकरीला लागून दीड महिना झाला होता. रताळी काढायचे दिवस होते. खानापूरच्या पश्चिमेकडच्या एका गावातले पन्नाशीचे एक शेतकरी छातीत भरून आलंय म्हणून आमच्या दवाखान्यात आले. सकाळपासून ढेकर येत होते, छातीत जड वाटत होतं, थोडा घाम होता. डॉक्टर म्हणाले, ईसीजी काढ. मी काढला. छातीच्या पहिल्या दोन लीडमध्ये, म्हणजे छातीवर लावलेल्या वायरींच्या रेघांत, सुरुवातीची जी छोटी लाट वर जायला हवी, ती जवळजवळ नव्हतीच. पूर्वी कधीतरी अटॅक येऊन गेलेला असावा, असा त्याचा एक अर्थ होतो. डॉक्टरांनी तसं घरच्यांना सांगितलं आणि लगेच बेळगावला न्यायला लावलं.

त्यांची बायको दारात उभी राहून मलाच विचारत होती, "कधी आला ओ अटॅक? आमाला कायच कळलं नाही की." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि जीप लागलीय म्हणून सांगितलं. बेळगावच्या खर्चासाठी त्यांनी वाटेत हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या, हे मला नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी ते घरी परत आले. तिकडं दोनदा ईसीजी काढला होता, रक्त तपासलं होतं, सगळं बरोबर होतं. पित्त होतं. आम्ही पाठवलेल्या ईसीजीच्या पट्टीच्या कोपऱ्यात तिकडच्या डॉक्टरांनी पेनानं एवढंच लिहिलं होतं, की व्ही-वन आणि व्ही-टू, म्हणजे छातीवरचे तेच पहिले दोन लीड, फार वर लावलेत.

छातीत दुखणाऱ्या माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवणं चूक नव्हतं. पण ‘तुम्हाला अटॅक येऊन गेलाय’ हे वाक्य त्या घरात एक रात्रभर राहिलं, आणि ते माझ्या बोटांमुळं राहिलं. डॉक्टर मला ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि थोरल्या सिस्टरांकडे पाठवलं.

थोरल्या सिस्टर तीस वर्षं याच कामात होत्या. त्यांनी पट्टीकडं बघितलंसुद्धा नाही. "कुठं लावलीस, तुझ्या छातीवर दाखव," म्हणाल्या. मी गाऊनवरनंच बोट ठेवलं. गळ्याच्या आडव्या हाडाखाली, म्हणजे हासळीखाली, बोट घातलं, तिथं एक फट लागली, ती पहिली धरली आणि तिथून खाली मोजत गेले. चौथ्या फटीत थांबले, कारण व्ही-वन आणि व्ही-टू बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लागतात.

"ती पहिली फटच न्हवं," त्या म्हणाल्या.

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षी आम्ही ॲनाटॉमी शिकलो होतो. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत, मग एसएसएलसी, म्हणजे दहावी, मग बेळगावला पीयूसी सायन्स, म्हणजे बारावी. कॉलेजात सगळं इंग्रजीत. स्टर्नमचे, म्हणजे छातीच्या मधल्या उभ्या हाडाचे, तीन भाग मला तोंडपाठ होते: मॅन्युब्रियम, बॉडी, झिफॉइड प्रोसेस. बरगड्यांच्या बारा जोड्या. पहिल्या सात आपापल्या कूर्चेनं थेट स्टर्नमला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या कूर्चेच्या आधारानं, शेवटच्या दोन समोर मोकळ्या. परीक्षेत दहापैकी नऊ मार्क होते. पण ते सगळं कागदावरचं होतं. जिवंत माणसाच्या कातडीखाली ते कुठं लागतं, हे बोटांना कधी विचारलंच नव्हतं.

थोरल्या सिस्टरांनी पडदा ओढला, माझं बोट धरलं आणि माझ्याच गळ्यावर ठेवलं.

गळा जिथं संपतो तिथं दोन हासळ्यांच्या मध्ये एक खळगा असतो. ठुशी घातली की तिचा मधला मणी साधारण त्याच्या जवळपास येतो. ती कंठाची खळी. बोटाचं टोक त्यात बसतं, आणि खळीच्या तळाला जी कडा लागते ती स्टर्नमची, म्हणजे उरोस्थीची, वरची कडा. तिथून बोट मधोमध, हाडावरनंच, हळूहळू खाली सरकवायचं. घाई करायची नाही. पाचेक सेंटीमीटर गेलं की हाडाला एक आडवा उंचवटा लागतो. काहींना तो ठळक असतो, शर्टावरनंही जाणवेल असा. काहींना नुसती गाठ मारलेल्या दोऱ्यावरनं बोट फिरावं एवढाच. पुस्तकात त्याला स्टर्नल अँगल म्हणतात, अँगल ऑफ लुई असंही म्हणतात. उरोस्थीचा वरचा भाग आणि मधला भाग तिथं जोडलेले असतात, आणि एका सरळ रेषेत न जुळता थोडा कोन करून जुळतात, म्हणून तो उंचवटा.

मी दोनदा त्याच्यावरनं बोट नेलं, दोन्ही वेळा चुकलं. तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाल्या, "दाबू नको. नुसतं फिरव." आणि लागला. आपल्याच छातीवर, एकवीस वर्षं सोबत असलेलं हाड, मला त्या दिवशी पहिल्यांदा सापडलं.

मॅन्युब्रियम या लॅटिन शब्दाचा अर्थ मूठ. मधल्या भागाला जुन्या पुस्तकांत ग्लॅडिओलस म्हणायचे, म्हणजे लहान तलवार. झिफॉइड म्हणजे तलवारीसारखं. हाड हातात घेऊन बघितलं तर खरंच कट्यारीसारखं दिसतं: वर रुंद मूठ, मधे लांबट पातं, खाली टोक. मूठ आणि पातं जिथं मिळतं तो आपला उंचवटा. हे मला कॉलेजात कुणी अशा शब्दांत सांगितलं असतं तर कदाचित पहिल्याच दिवशी डोक्यात बसलं असतं. आता मी शिकाऊ मुलींना कट्यारच सांगते.

त्या उंचवट्याचं मोल हे, की त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी येऊन मिळते. ज्याची छाती बघाल त्याच्यात तिथं दुसरीच. म्हणून बोट उंचवट्यावरनं बाजूला सरकवलं की तुम्ही दुसऱ्या बरगडीवर आहात, यात अंदाजाचा भाग उरत नाही. तिच्या खालची फट दुसरी, कारण फटीला नेहमी तिच्या वरच्या बरगडीचा नंबर मिळतो. मग तिसरी बरगडी, तिसरी फट, चौथी बरगडी, चौथी फट. उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या फटीत व्ही-वन. डाव्या कडेला, त्याच पातळीला, व्ही-टू.

आणि पहिली बरगडी? ती हासळीच्या आड असते. हासळीच्या लगेच खाली जी चिंचोळी फट बोटाला लागते, ती हासळी आणि पहिली बरगडी यांच्यामधली. ती बरगड्यांमधली फट नव्हे. मी तीच पहिली धरली होती, म्हणून पुढची सगळी मोजणी एकानं वर सरकली. वर आणि त्या शेतकऱ्यांच्या दणकट छातीवर चौथी फट नीट लागेना म्हणून ‘इथंच असेल’ करून मी अजून थोडं वर लावलं होतं.

घरी आल्यावर मामांना हे सांगितलं. आमचे मामा खानापुरात कौलांच्या आणि विटांच्या कामात आयुष्य घालवलेले. ते पटकन म्हणाले, "म्हणजे आढ्यावरचं कौल. त्याच्याखाली पयली वळ झाकलेली असते. खालनं बघणाऱ्याला दिसती ती दुसरी." मला याहून चांगलं समजावता येणार नाही. आमच्याकडे अजून पुष्कळ घरांवर कौलं आहेत. शिकाऊ मुलींना एकदा वर बघायला लावलं की कळतं.

पुढचे पंधरा दिवस मी मिळेल त्याच्या बरगड्या मोजल्या. धाकट्या भावाच्या, तो हसून लोळायचा. वडिलांच्या, ते उघड्या अंगानं ओट्यावर बसलेले असताना. आईच्या, रात्री दिवा मालवल्यावर अंधारात, मुद्दाम डोळ्यांचा आधार नको म्हणून. आई बारीक अंगाची, तिच्या बरगड्या तबल्याच्या दोऱ्यांसारख्या एकेक लागतात. "काय शोधालीस गं एवढं?" तिनं विचारलं. मी तिचं बोट घेतलं आणि तिच्याच उंचवट्यावर ठेवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोटात तिघं वाढवली, हे हाड काय कधी हाताला लागलं नव्हतं."

उरलेल्या चार जागा मग सोप्या वाटल्या, पण त्यांचाही क्रम आहे. व्ही-फोर आधी. डाव्या हासळीच्या मध्यावरून सरळ खाली रेघ ओढली असं समजायचं, ती रेघ पाचव्या फटीला जिथं मिळते तिथं व्ही-फोर. मग व्ही-टू आणि व्ही-फोर यांच्या बरोबर मध्ये व्ही-थ्री. व्ही-फाइव्ह आणि व्ही-सिक्स बगलेकडे, व्ही-फोरच्या पातळीलाच, एक बगलेच्या पुढच्या घडीच्या रेघेवर, एक बगलेच्या मध्यावरच्या रेघेवर. इथं बरगडीमागे जायचं नाही. बरगडी तिरकी वर चढत पाठीकडे जाते, तिच्यामागे गेलं की इलेक्ट्रोड, म्हणजे वायरींची कातडीला लागणारी टोकं, तीही वर चढतात. सरळ आडवं जायचं. हाताच्या आणि पायाच्या चार वायरींचे रंग सगळ्यांना पाठ असतात, उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा काळा. तिथं सहसा कुणी चुकत नाही. चुका छातीवरच होतात.

या सहा जागा कुणा एकाच्या सोयीनं ठरलेल्या नाहीत. १९३८ साली अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून त्या ठरवल्या, म्हणजे बेळगावात काढलेली पट्टी आणि लंडनमध्ये काढलेली पट्टी शेजारी ठेवून वाचता यावी. हे वाचल्यावर मला माझ्या चुकीचं वजन जास्त कळलं. मी दोन बोटं वर लावलं की माझी पट्टी त्या सगळ्यांच्या भाषेत बसत नाही. ती वाचणारा डॉक्टर माझ्यावर विश्वास ठेवून वाचतो.

चूक पकडायची एक खूण आमच्या डॉक्टरांनी मला नंतर दाखवली. प्रत्येक ठोक्याच्या आधी जी छोटी पी लाट असते, ती व्ही-टूमध्ये पूर्ण उलटी दिसली, तर आजार शोधायच्या आधी इलेक्ट्रोड बघायचे. वर लागलेले असू शकतात. त्या शेतकऱ्यांची पट्टी मी परत काढून बघितली. पी लाट उलटीच होती.

आता जे सांगायचंय ते बायकांबद्दल, आणि यावर मला जास्त बोलायचंय, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त चुकीचे ईसीजी इथं निघतात असं माझं मत झालंय.

पुरुषांमध्ये स्तनाग्र साधारण चौथ्या फटीच्या पातळीला असतं, म्हणून पुष्कळ जण त्यावरनं अंदाज बांधतात. बायकांमध्ये ते कुठल्याच हिशोबाचं नाही. वय, अंगकाठी, बाळंतपणं, पाजणं, या सगळ्यानं जागा बदलते. तिथं उंचवटा हाच एक खरा आधार. पण उंचवट्यापर्यंत पोचायला ब्लाउज सोडावा लागतो, आणि बाई लाजते, लावणारा लाजतो, सोबत आलेली सून दारात उभी असते. मग ब्लाउजची वरची दोन बटणं काढून, वरच्या वर जिथं जागा मिळेल तिथं इलेक्ट्रोड लावले जातात. व्ही-फोर स्तनाच्या खाली लागायला हवा, तो वर लागतो. पट्टी निघते, पण ती त्या बाईच्या हृदयाची खरी पट्टी नसते.

मी आता आधी बोलते. नाव विचारते, गाव विचारते. "मावशी, मी पडदा लावलाय, आत दुसरं कुणी येणार नाही. छातीवर सहा ठिकाणी हे लावायचंय. मला हाड शोधायला हात लावावा लागणार. थंड लागेल, दुखणार नाही." मग पदर त्यांच्या अंगावर तसाच ठेवून खालून काम करते. स्तन वर सरकवायचा तर हाताच्या पाठीनं, तळव्यानं नव्हे. हे थोरल्या सिस्टरांनी शिकवलं आणि त्यात किती फरक पडतो ते मी पाहिलंय. बाईचा श्वास लगेच सैल होतो. मंगळसूत्र काढायला लावायचं नाही. त्याची गरजच नसते. वाट्या इलेक्ट्रोडला लागू नयेत एवढंच, म्हणून ते उचलून खांद्यावर नीट ठेवायचं. "मंगळसूत्र काढा" म्हटल्यावर काही म्हाताऱ्या बायका उठून बसतात. मी एकीला रडताना पाहिलंय.

१८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेक नावाच्या डॉक्टरांसमोर एक तरुण बाई पेशंट होती. तिच्या छातीला कान लावणं त्यांना योग्य वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिचं एक टोक छातीवर आणि दुसरं कानाला लावलं. ठोके आणखी स्पष्ट ऐकू आले. त्यातनंच पुढं स्टेथोस्कोप आला. बाईचा संकोच मानूनही काम नीट करता येतं, उलट जास्त नीट, हे मी या गोष्टीतनं घेतलं.

पुढं दोन वर्षं मी बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूला काम केलं. यंत्रमागावर काम करणारी माणसं यायची. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही कानावर. मराठीत "छातीत दुखालंय", कन्नडमध्ये "एदि नोवु". झोपवून म्हणायचं, "सुम्न मलकोरी," आणि मराठीत, "हलू नका हं, मामा." पहिला प्रश्न मात्र सगळ्या भाषांत एकच असतो: करंट देणार काय? मशीन करंट देत नाही, तुमच्या हृदयात जो बारीक करंट आपोआप चालतो तो कागदावर उतरवतं, एवढं सांगितलं की खांदे खाली येतात. खांदे ताठ असले की पट्टी थरथरते, म्हणून हे सांगणंसुद्धा कामातलंच.

छात्यांचे प्रकार तिथं मी बघितले. वर्षानुवर्षं विडी ओढून फुप्फुसं फुगलेल्या माणसाची छाती पिंपासारखी गोल होते, बरगड्या आडव्या होतात, फटी रुंद होतात. अशा छातीवर मोजणी सोपी, पण जागा मात्र डोळ्यांना चुकीची वाटते, खूप वर वाटते. तरी बोटाचंच ऐकायचं. उलट अंगानं भरलेल्या माणसात फटी लागतच नाहीत. तिथं मी उंचवट्यावरनं बोट बाजूला घेते, दुसरी बरगडी पक्की धरते, आणि मग दोन बोटांनी चालत जाते, एक बोट बरगडीवर, एक फटीत. मागचं बोट उचलायच्या आधी पुढचं टेकवायचं. विहिरीच्या पायऱ्या अंधारात उतरताना आपण पाय जसा टाकतो तसं. पावसाळ्यात कातडी ओलसर असते, ती कापसानं कोरडी केल्याशिवाय रबरी वाट्या धरत नाहीत. आणि ज्याला दम लागल्यामुळं आडवं होता येत नाही, त्याचा बसवून काढायचा आणि पट्टीवर तसं लिहायचं: बसून काढला. हे न लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला अर्धी गोष्ट सांगणं.

मग मामांचं झालं.

एका रविवारी ते आमच्याकडं आले, जेवले नाहीत, आणि मला बाजूला बोलावून शर्ट वर केला. "इथं गाठ आलीया." दोन्हीकडच्या बरगड्यांची कमान जिथं मधे येऊन मिळते, पोटाच्या अगदी सुरुवातीला, तिथं बोट ठेवलं. महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं. तंबाखू खाल्ली आयुष्यभर, त्यामुळं मनात काय आलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला दिसलं. निपाणी, चिकोडी, इकडं आमच्याकडं, तंबाखूनं गेलेली माणसं सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

मी त्यांना खाटेवर झोपवलं. गळ्याच्या खळीपासून सुरुवात केली, उंचवटा, आणि मग मधोमध हाडावरनं खाली, शेवटपर्यंत. गाठ वेगळी नव्हती. ती त्याच हाडाचं टोक होती. कट्यारीचं टोक, झिफॉइड. तरुणपणी ते कूर्चेचं, मऊ असतं. चाळिशीच्या पुढं हळूहळू हाडासारखं कठीण होत जातं. कुणाचं सरळ असतं, कुणाचं दुभंगलेलं, कुणाचं पुढं वळलेलं. मामांचं पुढं वळलेलं होतं. अंगावर मांस असताना ते झाकलेलं होतं, आता मामा वाळले होते म्हणून हाताला लागलं.

माझ्या बोटांची खात्री होती, तरी मी "काही नाही, हाड आहे" एवढं सांगून थांबले नाही. कारण हाड नवीन नव्हतं, वाळणं नवीन होतं. सोमवारी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनीही तसंच वरून खालपर्यंत बोट फिरवलं, पोट तपासलं, सोनोग्राफी सांगितली, रक्त सांगितलं. गाठ नव्हती. साखर मात्र तीनशेच्या वर होती. दोन महिन्यांत वजन का उतरलं ते त्यात मिळालं. गोळ्या सुरू झाल्या. तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली, आणि अजून सुटलेली आहे.

मामांनी नंतर गावातल्या चारपाच जणांना त्यांचं टोक दाखवून दिलं. त्यातले दोघं मला विचारायला आले. मी दोघांनाही सांगितलं, की मधोमध, हाडाच्या सरळ रेषेत, कठीण, आणि वर्षानुवर्षं तेवढंच आहे, तर ते बहुधा हेच. पण वाढतंय, बाजूला आहे, दुखतंय, किंवा सोबत वजन उतरतंय, जेवण जात नाही, असं काही असेल तर दाखवायलाच हवं. बोट फिरवून ओळखायची एक हद्द आहे.

त्याच टोकाशी आणखी एक काम येतं. ठोके थांबलेल्या माणसाला छाती दाबून जागवायचं प्रशिक्षण आम्हाला दरवर्षी देतात. हाताची टाच उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मधोमध. त्या टोकावर नाही, कारण त्याच्यामागे यकृत आहे, आणि बरगड्यांवरही नाही. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर हे करताना बाकीच्या मुली दमायच्या, मीही दमायचे. पण हात कुठं ठेवायचा हे मला शोधावं लागत नव्हतं.

मागच्या वर्षी मी खानापूरला परत आले. दिवाळीनंतर एक बाई डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी ईसीजीला आल्या. नाव वाचून काही कळलं नाही, पण पडदा ओढताना त्यांनी हात पुढं केला आणि पाटल्या बघून मी थांबले. त्याच होत्या. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी तुमच्या मालकांची पट्टी मी काढली होती, मी चुकीच्या ठिकाणी लावलं होतं, म्हणून अटॅक दिसला, आणि हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या खाटेवर बसल्या होत्या. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

"ती रात्र लई वाईट गेली गं," त्या म्हणाल्या. मग हातातल्या पाटल्या जरा वर सारल्या. "पाटल्या पुढच्या सुगीला सोडवल्या. मालक बरे हाईत, आता शेतातच गेल्यात." आणि आडव्या झाल्या. "कर. नीट बघून कर."

मी मंगळसूत्र उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवलं. खळीत बोट ठेवलं, हळू खाली नेलं. उंचवटा बारीक होता, दोनदा फिरवावा लागला. सापडला. उजवीकडं सरकले आणि त्यांना ऐकू जाईल असं मोजलं. दोन. तीन. चार. फटीत जेली लावली आणि लाल वायर उचलली.